गुडघा दुखतो म्हणणाऱ्या ताई

“माझं काही नाही हो, तुमचं सांगा.”

तपासायच्या टेबलावर उताण्या पडून, ओढणी गळ्याशी नीट करत, ताई हे वाक्य म्हणायच्या. आता तुम्हीच सांगा, फिजिओथेरपिस्टकडे आलेल्या माणसाने असं म्हटल्यावर मी करायचं काय? माझ्याकडे माणसं स्वतःचं सांगायलाच येतात. कंबर, मान, खांदा असं सुरू होतं आणि मग ओघाने सासू, सून, सोसायटीचा सेक्रेटरी, पाण्याचा टँकर. मी मशीन लावते आणि ऐकते. ऐकण्याचे पैसे लावायचे ठरवले असते तर एव्हाना माझं क्लिनिक हायवेवर असतं.

ते हायवेवर नाही. मीरा रोडला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे. एका अंगाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या अंगाला फरसाणवाला. मधे माझं एक टेबल, एक पडदा, एक उभी सायकल आणि भिंतीवर मणक्याचं चित्र. ते चित्र बघून निम्मी माणसं आणखी घाबरतात, पण काढलं तर भिंतीची ओल दिसते.

ताई पेणकरपाड्याला राहायच्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काडी, केस घट्ट बांधलेले, चालणं भराभर. भाईंदरला भांड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्या नावं घालायला बसायच्या. म्हणजे आपण लग्नामुंजीत द्यायला डबा, कळशी, ताटं घेतो आणि त्यावर आपलं नाव घालून मागतो ना, ते घालणाऱ्या. हातात ते गुणगुणणारं छोटं यंत्र घेऊन दिवसभर स्टीलवर अक्षरं उठवायची. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत अक्षर सारखंच देखणं.

एवढी नावं घालून त्यांना माणसांचा भलताच अंदाज आला होता. “डॉक्टर, काल एक मावशी आली. भाचीला पाच ताटं देतेय आणि स्वतःचं नाव भाचीच्या नावापेक्षा मोठं घालायला सांगतेय. ह्या मावशीचं घरात काही चालत नसणार बघा.” मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, हे मी त्यांना पहिल्या महिन्यात पुष्कळदा सांगितलं. मग सोडून दिलं.

एकदा मी सहज विचारलं, तुमच्या नावाची किती भांडी आहेत घरी? त्या हसल्या. “एकही नाही. ती लग्नात मिळतात.” आणि लगेच, “माझं काही नाही हो, तुमचं सांगा. मुलीची परीक्षा कशी झाली?”

लग्न राहून गेलं ते वडिलांमुळे. आई लवकर गेली, भाऊ चिपळूणला, आणि वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ताई तिशीत होत्या. पुढची सगळी वर्षं त्यांनी वडिलांचं केलं. पहाटे पाचला उठून त्यांची कूस बदलायची, पुसून काढायचं, चहा भरवायचा, दुपारी शेजारणीवर सोपवून दुकान गाठायचं. वडील गेले. पण पाचला जाग येणं काही जाईना. उठून बसायचं, समोर रिकामी कॉट, आणि दुकान उघडायला चार-पाच तास.

“करू काय तेवढा वेळ? घरात बसलं की हात नुसते त्यांच्या अंगाकडे जायचे. म्हणून खाली उतरले आणि चालायला लागले,” त्या म्हणाल्या होत्या. चालता चालता त्या धावायला कधी लागल्या, हे त्यांनाही आठवत नव्हतं. सलवार-कमीज, साधे कापडी बूट आणि केसांना रबर.

रस्त्यात त्यांना धावणाऱ्यांचा एक ग्रुप भेटला. असे ग्रुप तुम्हीही पाहिले असतील. सारख्या रंगाचे टीशर्ट, मनगटावर घड्याळं, आणि धावण्यापेक्षा फोटो जास्त. त्यात गुजराती व्यापारी होते, बँकेतले मल्याळी साहेब होते, एक-दोन आपले मराठी आयटीवाले होते. सगळे पुरुष. ताई एकट्याच बाई. त्यामुळे नावाची भानगड नव्हती, सगळे ताईच म्हणत. दर रविवारी भाईंदर पश्चिमेला जमायचं, उत्तनच्या रस्त्याने किनाऱ्यावरच्या पाली गावापर्यंत धावायचं आणि परतताना एका टपरीवर चहा. ताई सगळ्यांसाठी डब्यातून उकडलेल्या शेंगा न्यायच्या.

मी त्यांना एकदा चिडवलं, तुम्ही धावायला जाता की चहाला? त्या जराही लाजल्या नाहीत. “डॉक्टर, सोमवार ते शनिवार माझ्याशी लोक कामापुरतं बोलतात. रविवारी बिनकामाचं बोलतात. तेवढ्यासाठी मी पालीपर्यंत काय, पार मुंबईपर्यंत धावेन.”

हे त्या हसत म्हणाल्या होत्या, पण त्यात थट्टा नव्हती. त्यांचं सगळं त्या रविवारावर उभं होतं. तो गेला असता तर हातात काही उरलं नसतं.

त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या गुडघा घेऊन. दिवाळी तोंडावर आली होती, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही असे दिवस. गुडघ्याला निळा पट्टा, हातात एक्स-रेचं पाकीट. गल्लीतल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, काही नाही म्हणाले, चोळायला मलम दिलं. मलमाच्या दोन ट्यूब संपल्या तरी दुखणं तिथेच.

मी गुडघा पाहिला. सूज नाही, गरम नाही, पूर्ण वाकतो, दाबून कुठे दुखत नाही. असा गुणी गुडघा मी महिनाभरात पाहिला नव्हता. पण दारातून टेबलापर्यंत येताना ताई उजव्या पायावर वजन टाकायचं टाळत होत्या, ते मी पाहिलं होतं. म्हणून मी त्यांचा पाय उचलला, मांडी पोटाकडे वाकवली आणि हलकेच आत वळवली. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“कुठे दुखलं?”

“गुडघ्यात.”

“गुडघ्यात?”

त्या पंख्याकडे बघत राहिल्या. मी पडदा ओढला, जवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, “जांघेत का?”

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, “तुम्हाला कसं कळलं?”

“अहो ताई, मग सांगायचं नाही का?”

“कसं सांगणार? डॉक्टर पुरुष. ग्रुपमध्ये सगळे पुरुष. सगळे विचारतात, ताई क्या हुआ, लंगडताय का. त्यांना काय जांघ म्हणून सांगू? गुडघा म्हटलं.” मग निळा पट्टा चाचपत, “गुडघाही दुखतो हो थोडा. अगदी खोटं नाही बोलले.”

ते खरंच खोटं नव्हतं. खुब्याचं दुखणं मांडीतून उतरून गुडघ्यात बोलतं, हे शिकताना आम्हाला पहिल्या वर्षी सांगतात. पण आपल्याकडे बायकांच्या अंगाचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा मुलूख नकाशावरच नसतो. तिथे काही दुखलं की ते वर कंबर म्हणून सांगायचं नाहीतर खाली गुडघा म्हणून. मीही तशाच घरात वाढले आहे, मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून. आधी फक्त धावताना दुखायचं, थांबलं की थांबायचं. आता चालतानाही. आणि रात्री कूस बदलली की.”

“दसऱ्याच्या आधी काय केलंत?”

आता जे बाहेर आलं ते ऐकून मी स्टुलावर बसले. ताईंचं नवरात्र अनवाणी असायचं. तुमच्या ऑफिसातही अशा दोघीतिघी असतील, नऊ दिवस चप्पल नाही, लिफ्टमधून अनवाणी उतरतात आणि तापलेल्या फुटपाथवरून पाय उचलत जातात. ताईंनी तो नेम धरला होता वडील अंथरुणाला खिळले तेव्हा, ते उठून बसावेत म्हणून. वडील एकदा उठून बसलेही होते. मग ते गेले, पण नेम कसा सोडायचा? देवीला काय सांगायचं, आता गरज नाही म्हणून? तर नऊ दिवस अनवाणी, आणि नऊ दिवस उपवास. दुपारी एक राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी केळं, बाकी चहा.

आणि पुढच्या जानेवारीत मोठी शर्यत होती. ग्रुपने रविवारचं अंतर एकदम वाढवलं होतं. ताईंना रविवार चुकवायचा नव्हता आणि नेमही मोडायचा नव्हता. म्हणून त्या अनवाणी धावल्या. सिमेंटच्या रस्त्यावर, पालीपर्यंत आणि परत, पोटात लाडू.

“सगळ्यांनी किती कौतुक केलं,” त्या म्हणाल्या. “फोटो काढला पायांचा. ग्रुपवर टाकला. खूप अंगठे आले.”

असलं दुखणं असलं की एका पायावर उडी मारायला लावून बघायची एक पद्धत आहे. मी ती उडी मारू दिली नाही. मला जी शंका आली होती ती खरी असेल तर तीच उडी हाड सरकवायला पुरेशी होती. मी त्यांना टेबलावरून हाताला धरून उतरवलं, क्लिनिकला कुलूप लावलं, रिक्षात घातलं आणि ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. रस्ताभर त्या म्हणत होत्या, “तुमचे पेशंट ताटकळतील हो. माझं काही नाही.”

खुब्याचा एक्स-रे स्वच्छ आला. ताईंचा चेहरा असा उजळला की त्या पर्स उचलून निघाल्याच होत्या. डॉक्टरांनी त्यांना परत बसवलं. सुरुवातीला ही चीर साध्या फोटोत दिसत नाही, म्हणाले, एमआरआय करा. एमआरआयमध्ये ती दिसली. मांडीचं हाड वर जिथे खुब्याच्या गोळ्याला मिळतं, त्या मानेत, खालच्या बाजूला, केसासारखी.

“नशीब खालच्या बाजूला आहे,” डॉक्टर म्हणाले. “तिथे वजनाने चीर मिटायला बघते. वरच्या बाजूला असती तर ती उघडत जाते, मग आजच स्क्रू घालावे लागले असते. पण ह्यावर आणखी काही रविवार धावला असतात तर हाड तुटून सरकलं असतं. मग गोळ्याचा रक्तपुरवठा जातो, अख्खा खुबा बदलायची वेळ येते.”

ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “पण मी पडले नाही, आपटले नाही. हाड आपोआप कसं मोडेल?”

डॉक्टर मोठं काहीतरी सांगायला लागले. हाड रोज झिजतं, रोज भरतं, झीज भरण्याच्या पुढे गेली की... ताईंनी मधेच मान हलवली. “कळलं. पातळ ताटावर एकाच जागी सुई फिरत राहिली की भोक पडतं. तसंच ना?”

“तसंच.”

“मग शर्यत?”

“शर्यत विसरा. पाय जमिनीला टेकवायचा नाही. दीड-दोन महिने कुबड्या. मग पुढचं बघू.”

मी ताईंकडे बघत होते. हाड मोडलंय ऐकून त्यांना काही झालं नव्हतं. शर्यत गेली तेही त्यांनी गिळलं. त्या फक्त म्हणाल्या, “म्हणजे रविवारी पण नाही?”

पेणकरपाड्यातली त्यांची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि ताई तिसऱ्या मजल्यावर. दोघांनी खुर्चीत बसवून एकदा वर नेलं ते नेलं, मग त्या वरच राहिल्या. मी व्यायाम करून घ्यायला घरी जायला लागले. शेजारची भाभी सकाळी दार ढकलून सांगायची, “दीदी, दाल रख दी है, गरम खाना.” दूध-भाजीसाठी ताई गॅलरीतून दोरीला बांधून पिशवी खाली सोडायच्या. भाजीवाला आठवण करून द्यायचा, “ताई, कोथिंबीर भी डाला है.” त्या वरून हात करायच्या.

भावाला कळवा, मी म्हणाले. “त्याला कशाला? त्याचं तिकडे किती असतं.” फोन मात्र त्या रोज करायच्या, मी ऐकलाय. “माझं काही नाही रे, तुझं सांग. आंब्याला मोहोर आला का?” बहीण कुबड्यांवर आहे हे चिपळूणला कुणालाच माहीत नव्हतं.

त्या घरात मला पहिल्या दिवशीच एक गोष्ट खटकली. वडिलांची लोखंडी कॉट होती तशीच होती, वर-खाली होणारी, स्वच्छ चादर घातलेली. ताई झोपायच्या खाली, कॉटच्या कडेला गादी टाकून, वडील असताना झोपायच्या तशा. आता त्यांना जमिनीवरून उठता येणार नव्हतं. मी म्हटलं, कॉटवर झोपायचं. त्या नाही म्हणाल्या. मी आवाज चढवला तेव्हा कुठे तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, झोप लागली का? “लागली. पण पाचला उठून खाली बघितलं,” त्या म्हणाल्या. “वाटलं, खाली कुणी आहे का.”

मी गोळ्या घेतल्या का म्हणून विचारलं.

गोळ्या होत्या, कॅल्शियमच्या, डी जीवनसत्त्वाच्या. रक्ताचे रिपोर्ट वाईट होते, हाडं पोकळ व्हायला लागली होती. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यात ही कुपोषित तब्येत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा कळलं, ही चीर नऊ दिवसांत पडलेली नव्हती. एक छोटं पातेलं, एक तवा. सकाळी चहा-पोळी, रात्री चहा-पोळी, मधे दुकानात जे येईल ते. वडील असताना दोन वेळा वरण-भात, मऊ भाजी होत असे. “एकटीसाठी काय मांडायचं, डॉक्टर?” उपवास करायला त्यांना देवीची गरजच नव्हती.

मग मी माझा डबा तिकडे नेऊन जेवायला लागले. सांगताना ते मोठं वाटतं, तसं काही नव्हतं. दुपारी क्लिनिक बंदच असतं. मी अंडी उकडायला लावायचे, भाभीची डाळ असायची, आणि ताई माझ्यासमोर जेवायच्या. जेवताना त्या खुलायच्या. कुठल्या शेटाने बायकोचं नाव चुकीचं सांगितलं आणि मग पंचवीस वाट्या पुन्हा घ्याव्या लागल्या, अशा गोष्टी.

ग्रुप एकदा भेटायला आला. सातआठ जण, किवीची टोपली, मोठमोठे आवाज. एका गुजराती भाईंनी सांगितलं, “ताई, आप आराम करो. हम आपके हिस्से का भी भागेंगे!” सगळे हसले. ताईंच्या कुबड्यांसकट फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. माणसं वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना रविवारची ताई माहीत होती, बाकीच्या दिवसांची त्यांना कोण सांगणार? त्यानंतर ती परत आली नाहीत.

रविवारी क्लिनिकला सुट्टी, म्हणून मी सकाळीच जायचे. ताई तयार होऊन, वेणी घालून, फोन समोर ठेवून बसलेल्या असत. व्यायाम करता करता मधेच म्हणायच्या, “आता चढ लागला असेल.” थोड्या वेळाने, “आता पाली आलं.” मग फोटो यायला लागायचे. चहाचे ग्लास, घामाघूम चेहरे. ताई एकेक फोटो मोठा करून बघायच्या आणि प्रत्येकाला अंगठा द्यायच्या. एकदा माझ्यासमोरच त्यांनी बोटाने हळूहळू लिहिलं, पुढच्या रविवारी एकदा पेणकरपाड्यावरून जाता का, मी गॅलरीत असते. थोडा वेळ ते वाचत राहिल्या आणि पुसून टाकलं. त्याच्या जागी अंगठा दिला.

हाड भरून आलं. नव्या एमआरआयमध्ये चीर पुसट झाली होती. आधी नुसतं पाऊल टेकवणं, मग अर्धं वजन, मग एक कुबडी, मग तीही नाही. त्या जिने उतरून माझ्याकडे यायला लागल्या. सायकल, कुशीवर पडून पाय उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं. कामाला अशी पक्की बाई मला दुसरी मिळाली नाही. सांगितलेलं सगळं करायच्या, आणि सांगितलेलंच करायच्या. उन्हाळा लागता लागता डॉक्टरांनी परवानगी दिली, थोडं धावायचं, थोडं चालायचं, पुन्हा थोडं धावायचं. महिनोन्महिने हळूहळू वाढवायचं. दुखलं की तिथेच थांबायचं.

पहिल्या रविवारी ग्रुप त्यांच्यासाठी थांबला. टाळ्या वाजवल्या. ताई थोडं धावून चालायला लागल्या की पुढे गेलेली माणसं मागे वळून बघायची, जागच्या जागी उड्या मारत थांबायची, घड्याळ बघायची. दुसऱ्या रविवारी ताईंनी स्वतःच सांगितलं, “आप लोग आगे चलो, मेरे लिए मत रुको.” ते पुढे गेले. ताई टपरीवर पोचल्या तेव्हा चहा पिऊन सगळे गाड्यांत बसत होते. शेंगांचा डबा त्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन आल्या.

त्या आठवड्यापासून ताईंना पुन्हा दुखायला लागलं. “डॉक्टर, जांघेत दुखतंय.” एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या फरसाणवाल्याने वर बघितलं. मी घाबरून सगळं तपासलं. पाय आत वळवला, बाहेर वळवला, काही नाही. कुठे दुखतं विचारलं की त्या एक बोट ठेवायच्या, आज इथे, परवा दोन इंच पलीकडे. खुब्याचं खरं दुखणं असं बोटाने दाखवता येत नाही, माणूस अख्ख्या पंजाने खुबा कवळून दाखवतो. दुखत होतं तेव्हा ह्या बाईने लपवलं आणि आता दुखत नव्हतं तर सांगत होती. मी गरम शेकाची पिशवी ठेवायचे, पडदा ओढायचे आणि जवळ स्टूल घेऊन बसायचे. असं बरेच दिवस चाललं. काय चाललंय ते दोघींनाही कळत होतं.

मग त्यांचं येणं थांबलं. एकदा फोन केला तर आवाज छान होता. “आता रविवारचं जमतंय हो, डॉक्टर. भेटतात सगळे.” मला आनंद झाला. वाटलं, ग्रुपने वेग कमी केला असेल, किंवा ताईंनी वाढवला असेल. दुसऱ्या शक्यतेने जरा धास्तीही वाटली.

पुढे पावसाळ्यानंतर त्यांची बिल्डिंग पाडायला निघाली. भाड्याने दुसरीकडे घर बघण्यापेक्षा चिपळूणला ये, असं भावाने म्हटलं आणि त्या गेल्या. जाण्याआधी मला भेटायला आल्या होत्या, पण मी नेमकी बाहेर होते. फोन अजून असतो अधूनमधून. तिकडे त्या धावतात का, हे मी विचारत नाही. मला त्या दिसतात त्या चिपळूणला नाही, पालीच्या रस्त्यावर.

तो मे महिन्यातला एक रविवार होता. मी स्कूटर घेऊन सकाळीच पालीला गेले होते. मासेमारी बंद व्हायच्या आत सुके बोंबील भरून ठेवायचे होते. ओळखीची कोळीण रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसते, तिच्यासमोर उकिडवी बसून मी भाव करत होते. समोरच्या बस थांब्यावर एक बाई उभी होती, पाठमोरी. घट्ट बांधलेले केस बघून मी ओळखलं. हाक मारणार तेवढ्यात कोळीण म्हणाली, “ती व्हय? दर रईवारी येते ती. पयल्या बशीतून उतरते, हात-पाय हालवते, आन् मागं बगत उबी ऱ्हाते.”

“मागे कशाला?”

“ते पलनारे येतान ना, लाल कपड्यांवाले. ते दिसले का मंग ही पलायला लागते. आमी सगल्या बगतो. कोनाला सांगत न्हाय काय.”

मी बोंबील हातात धरून तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने वळणावर लाल टीशर्ट दिसले. ताईंनी ओढणी कमरेला खोचली आणि त्यांच्याकडे पाठ करून, जणू कधीच्या धावत आल्या आहेत अशा, हळूहळू धावायला सुरुवात केली.

ग्रुपने त्यांना गाठलं. “अरे ताई! आज तो आप हमसे आगे!” गुजराती भाई ओरडले. ताई मोठ्याने हसल्या आणि काहीतरी उत्तर दिलं, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी वेग वाढवला. डॉक्टरांनी दिलेल्या परवानगीच्या कितीतरी पलीकडचा तो वेग होता. मी उठून उभीच राहिले, ओरडायला तोंडही उघडलं. पण त्या अगदी त्यांच्या मधोमध होत्या, दोन्हीकडे माणसं, एकजण काहीतरी सांगतोय आणि ताई मान वळवून ऐकताहेत. मी तोंड मिटलं.

विजेच्या दोन खांबांमधल्या अंतराएवढंच ते टिकलं असेल. मग ताई मागे पडल्या, हात वर केला, आणि लाल टीशर्ट गावाकडे निघून गेले. ताई कमरेवर हात ठेवून श्वास घेत उभ्या राहिल्या. उजवा पाय जपून टेकवून बघितला. दुखत नसावं, कारण चेहरा समाधानी होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोंबील वाळत होते, आणि त्यांच्याशी बोलायला तिथे कुणी नव्हतं.

मग त्यांनी उजवीकडे-डावीकडे पाहिलं, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. परतताना ग्रुप त्या बाजूने येणार होता.